डाव्या आरशाची रेघ

गाडी जुनी आहे, पण माझी आहे. रिटायर झालो त्या वर्षी घेतली, तेव्हापासून तिच्या स्टेरिंगला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, मुलाचाही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला डायलिसिसला न्यायचं, ते याच गाडीतून. घर आमचं कोहक्याला, दवाखाना नेहरू नगरच्या पुढं, हायवेला लागून. जाताना ती बोलत असते. येताना तिच्यात जीव नसतो. सीट मागं पाडून डोळे मिटून पडते. ऑटोत असं पडता येत नाही, दांडा धरून ताठ बसावं लागतं. तेव्हा गाडी चालवणं ही माझी हौस नव्हती.

एका शुक्रवारी परत येताना मी डावीकडं वळलो आणि एक स्कुटीवाली पोरगी पडता पडता वाचली. दोन्ही पाय टेकवून तिनं हेल्मेटची काच वर केली.

“अंकल, दिखता नहीं क्या?”

“शीशा ढीला है, बेटा.”

ते खोटं नव्हतं. डावा आरसा बरेच दिवस डुगडुगत होता. त्यात रस्त्याकडेचे खांब मध्येच वाकडे दिसायचे, मागून येणारी गाडी एकदम गायब व्हायची आणि बाजूला आली की पुन्हा दिसायची. ढिल्या आरशात दुसरं काय दिसणार?

बायकोनं ही गोष्ट फोनवर मुलाला सांगितली. तो रायपूरला असतो. रविवारी आला तो बूट न काढताच बोलायला लागला.

“बाबा, अब बस. मी ड्रायव्हर लावून देतो.”

“कावून? माह्या हाताले काय झालं?”

“हाताचं कोण म्हणून राहिलं?”

“आरसा ढिला आहे. तो कसला की मंगळवारी मीच तिले घेऊन जातो. त्या दिवशी काही झालं, तं चाबी तुह्या हातात.”

“लिहून द्या.”

“चौथी पास माणसाकून काय लिहून घेतं बाप्पा,” बायको आतून म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. पण मुलानं जाताना दारात पुन्हा विचारलं, “मंगळवारी. पक्कं न?” मी मान हलवली.

आमच्या गल्लीतला मिस्त्री म्हणाला होता, “काका, इसका माल अब नहीं आता. टेप मार दो.” टेप मारायला मी काही पुड्या बांधणारा माणूस नाही. स्टील प्लांटात जन्म गेला फिटर म्हणून. साहेब लोक इंग्रजीत कागद वाचायचे आणि मग मला विचारायचे की मशीन कावून हलून राहिली.

सोमवारी जेवण झाल्यावर स्टूल घेऊन बसलो. दाराच्या आतल्या कोपऱ्यात प्लास्टिकचं तिकोनी झाकण असतं, ते काढायला स्वयंपाकघरातून उलथणं आणलं.

“ते पोळ्यांचं आहे,” बायको म्हणाली.

“मग आज भात कर.”

झाकणाखाली तीन स्क्रू. दोन ढिले होते, तिसरा नुसताच गोल फिरत होता. त्याचे आटे गेलेले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापले, लांब स्क्रू टाकला, मागून नट लावायला दाराचा आतला पत्रा उघडला. पेचकस स्क्रूच्या खाचेतून चार-पाच वेळा घसरला. चष्मा जुना झाला, म्हटलं. मग बोटानं खाच शोधायची आणि त्यावर पेचकस टेकवायचा, असं केलं. सगळं बसवता बसवता संध्याकाळ झाली. आरसा धरून हलवला तर सगळं दार हलत होतं, आरसा नाही.

मग रेघ मारली. ही आमची प्लांटातली रीत. नट कसून झाला की नट आणि खालचा पत्रा यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची. दुसऱ्या पाळीच्या माणसानं नुसतं पाहायचं. रेघ तुटली असेल तर नट फिरला. रेघ सरळ असेल तर नटाला हात लावायचा नाही, खोट दुसरीकडं शोधायची. यावरून मी भल्या भल्यांना सगळ्यांदेखत सुनावलं आहे. एकजण आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. घरी फाटकाच्या पांढऱ्या रंगाचा डबा होता. आरशाच्या पायावरून दारापर्यंत, स्टीलच्या स्केलला ब्रश टेकवून, तीन बोटं लांब रेघ ओढली. उजेड उतरला होता. डबा बंद करून आत गेलो.

मंगळवारी जाताना काही झालं नाही, कारण सकाळी रस्ता मोकळा असतो. येताना मी आरशात पाहिलं. खांब वाकडा. पुढचा खांबही वाकडा. एक ट्रक होता, तो नव्हता, मग हॉर्न वाजवत अगदी बाजूनं गेला. बायकोनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मी तिथून घरापर्यंत सायकलीच्या चालीनं आलो. मागचे लोक शिव्या देत होते, त्या ऐकल्या.

घरासमोर गाडी थांबवली आणि सरळ डाव्या बाजूला गेलो. रेघ तुटली होती. मध्ये खाच पडल्यासारखी, वरचा तुकडा एकीकडं, खालचा दुसरीकडं. मी पाना आणला, पेचकस आणला. ऊन कडक होतं.

“अहो,” गाडीतून आवाज आला, “मले आत तं न्या.”

“थांब वं. फिरला हा, पहा.”

“मले चक्कर येऊन राहिली.”

“दोन मिनिटं थांब म्हटलं न.”

ती थांबली नाही. स्वतःच दार उघडून, मला मागं सारत, छताला धरत उतरली. सुया टोचलेला हात छातीशी धरलेला. माझ्याजवळ येऊन वाकली आणि दुसऱ्या हाताचं बोट रेघेवरून फिरवलं.

“कुठं तुटली? सरळ तं आहे.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“सरळ अन् वाकडं समजते न.”

मी आत जाऊन स्केल आणली. तिच्या डोळ्यांदेखत दाखवून द्यायचं होतं. स्केल रेघेवर ठेवली. रेघ मध्ये जिथं मोडत होती, तिथंच स्केलही मोडत होती. मी उचलून आभाळाकडं धरली. तिथंही मोडलेली. अंगठा स्केलच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. कड सरळ होती.

बायको माझ्याकडं पाहत होती. मी स्केल खाली ठेवली. तिला दंडाला धरून आत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. अर्ध्या ग्लासाच्या वर पाणी तिला चालत नाही, तेवढंच दिलं. ती झोपल्यावर बाहेर आलो. दाराची चौकट पाहिली, फाटकाचे गज पाहिले. ज्यावर नजर लावावी तेच वाकत होतं, आणि मधोमध एक मळका डाग. हे किती दिवसांचं होतं, मला सांगता येणार नाही. मी सगळा दोष आरशावर टाकत होतो.

डोळ्याच्या डॉक्टरनं पुढं सांगितलं की एका डोळ्याचा पडदा गेला आहे आणि दुसऱ्याचा जातो आहे, जे गेलं ते परत येत नाही. पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला.

“बाबा, कसं झालं?”

“पोचलो. आलो.”

“आरसा?”

“पक्का बसला. हत्तीनं ओढला तरी निघत नाही.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. त्याला वाटलं, मी जिंकलो. फोन ठेवला असता तर शुक्रवारी मीच गाडी काढली असती. मला ते करायचंही होतं, खोटं कशाला लिहू. तिला काही झालं तर तिच्या सीटपर्यंत हात पोचतो माझा, रस्ता पाठ आहे, असं काही काही मनात येत होतं. मी फोन कानाला तसाच धरून होतो.

बायकोनं पडल्या पडल्या हात पुढं केला. मी फोन दिला.

“बाबांले दिसून नाही राहिलं नीट,” ती म्हणाली. “ड्रायव्हर पाह.”

मी उठून अंगणात गेलो. जे मी सांगायला हवं होतं ते तिनं सांगितलं, याचा मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

शुक्रवारी ड्रायव्हर वेळेवर आला. चाबी मी त्याच्या हातात दिली नाही, बोनेटवर ठेवली; त्यानं ती उचलून घेतली. बायको पुढच्या सीटवर बसली. मागच्या सीटवर आजवर मी कधी बसलो नव्हतो. गुडघे कुठं ठेवायचे ते कळेना. गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी जराशी थांबवली आणि विचारलं, “काका, लेफ्ट क्लियर है?”

मी खिडकीकडं तोंड केलं. “अपना देखो,” म्हटलं.