कोपऱ्यातला घास

आठवणी लिहायला बसलेली माणसं पहिल्या पानावरच सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमत नाही. एका बाईला मी अजून माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करीन असंही वाटत नाही. एकदा तिची भरल्या हॉलमध्ये फजिती झाली. ती आपण घडवून आणली असं मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत समजत होते.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्हा नवा होता, पाणी जुनंच होतं, म्हणजे नव्हतंच. टँकर आला की आमची गल्ली घागरी घेऊन धावायची. बाकी सगळं मात्र नवं होतं: नव्या पाट्या, नवे शिक्के, नवे साहेब आणि नव्या साहेबांच्या बायका. नव्या जिल्ह्याला उद्घाटनांची फार हौस असते. त्या काळात मी इतक्या फिती कापलेल्या पाहिल्या की तेवढ्या कापडात दोन पोरींची परकर-पोलकी झाली असती.

साहेबांच्या बायकांनी महिला मंडळ काढलं. मी शाळेत शिकवायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून पत्रिका लिहायला मला सभासद करून घेतलं. अध्यक्षीणबाई एका मोठ्या साहेबांच्या पत्नी, पुण्याकडच्या. बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडताना आपणच आडदांड दिसतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मंडळाने एक आव्हान ठेवलं. प्रत्येक सभासदाने एक हातभर लांब, एक हातभर रुंद अशी छोटी गोधडी शिवायची. कापड जुनं, शिवण हाताची, मशीन चालणार नाही. विषय सगळ्यांना एकच, 'आपला नवा जिल्हा'. मंत्री येणार, त्या दिवशी सगळ्या गोधड्या हॉलच्या भिंतीवर लावायच्या. हे सगळं सांगून झाल्यावर अध्यक्षीणबाई माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या मातोश्री गोधड्या शिवतात ना हो? त्यांना पाठवाल का आमच्याकडे? मला शिकायचंय. दोघी मिळून करू. कार्डावर अर्थात त्यांचंही नाव."

माझी आई शिरूर अनंतपाळच्या बाजूची. बाहत्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली होती. त्याच हातांनी ती तांदळाच्या दाण्याएवढे टाके घालायची. आमचं घर बौद्ध. छप्पन्नपासून देव गेले, उपास गेले, गंडेदोरे गेले. एक गोष्ट मात्र तिने सोडली नव्हती. गोधडीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथा बंद करायच्या आधी ती त्यात घास सरकवायची, भाकरीचा वाळला तुकडा नाहीतर ज्वारीचे चार दाणे. आमच्या भागात सगळ्याच बाया असं करत. गोधडीचं पोट भरलेलं असलं की तिच्याखाली निजणारा उपाशी राहत नाही, एवढंच त्यामागे. नव्याने विचार करायला शिकलेली मी तिला एकदा म्हणाले, "हे पण सोड की." तर म्हणाली, "ह्ये देवाचं न्हाई बाई, पोटाचं हाय."

गोधडी भिंतीवर लावणार, हे ऐकून तिला हसू आलं.

"भिंतीला थंडी वाजायली का?"

पण तिला ते आवडलं होतं. तिच्या आजवरच्या गोधड्या लोकांनी अंगाखाली घेतल्या होत्या, अंगावर घेतल्या होत्या, पोरांनी ओल्या केल्या होत्या. कोणी उभं राहून बघणार होतं ते पहिल्यांदाच. शेजारच्या खालांनी गाठोडं भरून चिंध्या दिल्या. खालांचे मियाँ शिंपी होते, तिकडे कातरणाला तोटा नव्हता. आई रोज दुपारी बंगल्यावर जायला लागली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला आणायला गेले. आई व्हरांड्याच्या पायरीवर बसून शिवत होती. अध्यक्षीणबाई वेताच्या खुर्चीवर बसून शिकत होत्या, म्हणजे बघत होत्या. चहाची वेळ झाली. त्यांचा टी-सेट रुखवतातला, पांढऱ्यावर निळी वेल आणि कडेला सोनेरी रेघ. मला बशीसकट कप मिळाला. मी मास्तरीण होते, मंडळाची सभासद होते. आईने उठून खिडकीच्या गजाआडून एक कप काढला. त्याच सेटातला, पण कान तुटलेला. तो तिने स्वतः विसळला आणि फरशीवर ठेवला. अध्यक्षीणबाईंनी किटली चांगली वर धरून, कपाला कुठे लागणार नाही अशा बेताने चहा ओतला. धार अगदी अचूक पडली. हाताला सवय असल्याशिवाय ते जमत नाही.

माझा चहा मी प्यायले. हे लिहायला हवं, नाहीतर मी फारच शूर वाटेन.

रस्त्यात आईला म्हणाले, "उद्यापासून जायचं नाही."

"टाके निम्मे झालेत."

"तुला तो कप दिसला नाही का?"

"तुज्याआधी दिसला." मग जरा चालल्यावर म्हणाली, "निम्मी गोधडी सोडत नसतेत."

ती सगळे आठ दिवस गेली. शेवटच्या दिवशी घरी आल्यावर मी सवयीने विचारलं, "घास घातला?"

"घातला."

"भाकरीचा?"

"त्येंच्या घरचाच."

पुढे मी विचारलं नाही. माझं डोकं दुसरीकडे होतं. त्याच दुपारी अध्यक्षीणबाईंनी कार्डं लिहायची यादी माझ्याकडे पाठवली होती. आईच्या गोधडीपुढे त्यांचं एकटीचं नाव होतं. मी विचारायला गेले तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, त्या सभासद नाहीत ना! नियम म्हणजे नियम. आणि त्यांना कुठे वाचता येतंय?"

मी ते कार्ड लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात, वेलांट्या-उकारांसकट, त्या बाईचं नाव माझ्या आईच्या कामाखाली. मग घरी येऊन आणखी एक कार्ड लिहिलं. त्यावर आईचं नाव लिहून ते पर्समध्ये ठेवलं. आणि नंतर शांतपणे सुडाचा विचार केला.

मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या बाईला माहीत नव्हती. आमच्याकडची कोणतीही बाई नवी गोधडी पाहिली की आधी कोपरे चाचपते आणि विचारते, घास काय घातला? आठ दिवस समोर बसून अध्यक्षीणबाई 'शिकल्या' होत्या, पण शेवटचा कोपरा शिवताना त्या आत फोनवर बोलत होत्या, हे आईनेच सांगितलं होतं. मी एवढंच केलं की प्रदर्शनाचं आमंत्रण आमच्या गल्लीत तोंडी दिलं. खाला आणि सात-आठ बायका. "सगळ्यांनी यायचं, चहा आहे," म्हणाले. कार्डावर कोणाचं नाव आहे ते आईला सांगितलं नाही. बाकीच्या सगळ्यांना सांगितलं, खिडकीतल्या कपासकट.

मंत्री आले नाहीत. नांदेडहून परीक्षक म्हणून बोलावलेल्या एका म्हाताऱ्या चित्रकला-शिक्षकांच्या हातात मखमली तबकातली कात्री दिली गेली आणि त्यांनी फीत कापली.

भिंतीवर वीस-एक गोधड्या. तीनांवर कलेक्टर कचेरी, दोनांवर फीत कापणारे हात. एकीने जिल्ह्याचा नकाशा शिवला होता, तो वांग्यासारखा झाला होता. आईच्या गोधडीवर नुसत्या घागरी होत्या. रंगीबेरंगी चिंध्यांच्या घागरींची रांग, वळत वळत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलेली, आणि पुढे टँकर कुठेच नाही. पांढरे टाके पाण्याच्या रेघांसारखे घागरींच्या भोवतीनं फिरत होते, आत एकही शिरत नव्हता. परीक्षक त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"ही कोणाची?"

"माझी," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "ग्रामीण मडकी मला फार गोड वाटतात."

त्यांनी खास घरून आणवलेल्या निळ्या वेलीच्या कपांतून पाहुण्यांना चहा दिला जात होता. आई मागे दाराशी उभी होती. समोर एवढी गर्दी होती की तिला फक्त माणसांच्या पाठी दिसत असाव्यात. मी खालांकडे पाहिलं. खाला पदर सावरत पुढे झाल्या.

"लई अच्छी बनाए बाई. घास क्या डाले?"

"काय?"

"घास. कोपऱ्यात काय घातला म्हणून इच्यारती ती," दुसरी म्हणाली.

अध्यक्षीणबाई हसल्या. त्यांना वाटलं काहीतरी शुभ असावं, म्हणून त्या हुशारीने म्हणाल्या, "हो तर! पेढा घातला. आपल्या जिल्ह्याचं तोंड गोड केलं."

बायकांत एकदम हशा पिकला.

"आगं बया, पेढा! मुंग्या घरात नांदायला आल्या की!"

"निजलेल्याला उचलून न्हेतील मुंग्या!"

हेच मला हवं होतं. एवढंच हवं होतं. मी पर्स उघडून कार्ड काढणार, तेवढ्यात खालांनी सवयीने कोपरे चाचपले आणि चौथ्याला थांबल्या. "इधर कुछ कडक है."

"वाळला असेल," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. गाल लाल झाले होते, पण मान ताठ होती.

चित्रकलेचे मास्तर हसून म्हणाले, "माझी आई ज्वारी घालायची. बघू या का? दोन टाके उसवले तर पुन्हा घालता येतात. तुमची हरकत नाही ना?"

हरकत आहे म्हणायला कारण सुचायला हवं. त्यांना सुचलं नाही. मास्तरांनी तबकातली तीच कात्री घेतली, टाके कापले आणि कोपरा दोन बोटांनी दाबला. आतून एक तुकडा निघाला. पांढरा, त्यावर निळ्या वेलीचं पान, एका बाजूला सोनेरी रेघ. मास्तरांनी तो उलटासुलटा केला. मग त्यांची नजर आपल्या दुसऱ्या हातातल्या कपाकडे गेली. हॉलमधल्या सगळ्यांचीच आपापल्या कपाकडे गेली.

"हे तुमच्याकडचंच दिसतंय," ते निरागसपणे म्हणाले आणि तुकडा पुढे केला. अध्यक्षीणबाईंनी तळहात पसरला. कोणी काही दिलं की माणूस हात पुढे करतोच.

"अगं, ह्यो तर आक्काचा कप!" आमच्या गल्लीतली एक मोठ्याने म्हणाली. आईला सगळ्या आक्का म्हणायच्या. "खिडकीतला! बिनकानाचा!"

तुकडा माझा नाही म्हणावं, तर गोधडी आपण शिवली नाही. माझा आहे म्हणावं, तर खिडकीतला कप कोणासाठी होता ते सांगा. इतकी चांगली कोंडी मला शंभर वर्षांत सुचली नसती. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि साडीच्या निऱ्यांना हात पुसला. साहेबांच्या बायकांपैकी दोघींनी अर्धे प्यायलेले कप हळूच खाली ठेवले. कोणाची लाज वाटून ठेवले, कोण जाणे.

मास्तरांनी त्या वर्षी कोणालाच पहिला नंबर दिला नाही. आईचं नाव लिहिलेलं कार्ड माझ्या पर्समध्येच राहिलं. गोंधळात मी ते लावायचंच विसरले. निघताना खालांनी मात्र गोधडी भिंतीवरून काढून काखेत मारली आणि मास्तरांना सांगून तुकडाही घेतला. कोणी अडवलं नाही.

घरी येताना मी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. फुटलेल्या कडा गुळगुळीत होत्या. पाट्यावर घासून घासून तिने त्यांची धार घालवली होती. कधी कोणी कोपरा चाचपला तर बोट कापू नये म्हणून.

"कप फुटला की फोडलास?" मी विचारलं.

"फुटला," ती म्हणाली. "आठव्या दिशी."

"मी तुझं नाव लावणार होते. कार्ड केलं होतं. तिने स्वतःचं एकटीचं लावलं होतं."

"ठाव हाय. खालानं सांगितलं." तिला नावाचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. खालांच्या काखेतली गोधडी तिने आपल्याकडे घेतली, उसवलेला कोपरा मुठीत धरला आणि माझ्याकडे वळली. तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि ते केव्हापासून विचारायचं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला मागून दिसलं न्हाई," आई म्हणाली. "तिनं हातात घेतला का?"

"घेतला."

"हातात?"

"उघड्या हातात. सगळ्यांसमोर."

"मग झालं," आई म्हणाली आणि टँकर यायची वेळ झाली म्हणून भरभर चालायला लागली.