चार दिवसांची लोकर

लोकरमावशींनी त्या रविवारी सकाळपासून चार वेळा टाके घातले आणि चारही वेळा उसवले. पहिल्यांदा मोज्याचे, मग टोपीचे, मग मफलरचे. चौथ्यांदा कशाचे घातले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पलंगावर बॅग आ वासून पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची गाडी, दहा तासांचा प्रवास, आणि मग मोठ्या शहरातल्या इस्पितळात नवऱ्याला दाखल करायचं. कपडे भरून झाले होते, औषधं झाली होती, सगळे रिपोर्ट तारखांप्रमाणे लावून झाले होते. विणकाम तेवढं ठरत नव्हतं.

यावर कुणाला हसू येत असेल, तर त्याने मावशींना पाहिलेलं नाही. बाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. दोन कॉलच्या मधे जी काय फुरसत मिळे, तेवढ्यात टेबलाखाली एखादी ओळ होऊन जायची. सुपरवायझरने दोनदा सुया जप्त केल्या. तिसऱ्यांदा त्याने दबक्या आवाजात स्वतःच्या नातवासाठी टोपी मागितली, आणि ते प्रकरण तिथंच मिटलं. हात रिकामे झाले की डोकं चालायला लागतं आणि ते नेमकं नको तिकडेच जातं, असं मावशींचं म्हणणं होतं. त्यांना ओळखणारे यावर वाद घालायच्या भानगडीत पडत नसत.

प्रवासाच्या विणकामाचे त्यांचे नियम आख्ख्या गल्लीला पाठ होते. काळी लोकर घ्यायची नाही, गाडीतल्या उजेडात टाके दिसत नाहीत. नक्षी घ्यायची नाही, शेजारचा बोलायला लागला की मोजणी चुकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जितके दिवस बाहेर, तितकंच काम बरोबर. पुतणीच्या लग्नाला जाताना त्यांची टोपी तिसऱ्याच स्टेशनावर संपली होती, तर उरलेला दिवस त्यांनी समोरच्या बाईशी खिडकीवरून भांडण्यात घालवला. तेव्हापासून कानाला खडा. चार दिवसांना मोज्यांचा जोड, आठवड्याला टोपी आणि मफलर, पंधरवड्याला लहान मुलाचा स्वेटर. हा हिशेब आजवर कधी चुकला नव्हता.

आणि आज घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. नवऱ्याला त्यांनी चार दिवस सांगितले होते. तपासण्या करायच्या, गोळ्या लिहून घ्यायच्या, शुक्रवारी घरी. डॉक्टर मात्र आठ दिवसांपूर्वी, नवरा आत शर्टाची बटणं लावत असताना त्यांना दारापाशी घेऊन गेले होते. "दोन महिने तरी धरून चला," ते म्हणाले होते. "घराची सोय लावून या. आणि मनाची तयारी ठेवा."

मावशींनी हे कुणालाच सांगितलं नाही. एक्सचेंजमध्ये लोकांची मोडलेली लग्नं, पळालेली मुलं, मेलेली माणसं, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं होतं आणि एक अक्षर कधी तोंडाबाहेर पडलं नव्हतं. हेही पोटात राहील असं त्यांनी धरलं होतं. तोंडाने त्यांचं ऐकलं, पण हात काही ऐकेनात. मोजे घ्यावेत तर ते चार दिवसांत संपतील, मग पुढे इस्पितळातल्या बाकावर बसून काय करायचं, या विचाराने जीव घाबरा व्हायचा. मोठं काही घ्यावं तर ते म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं कबूल करणं. त्या उठल्या, पाणी प्यायल्या, बंद असलेली खिडकी पुन्हा बंद करून आल्या. शेवटी कपाटातल्या राखाडी लोकरीच्या सगळ्या लडी त्यांनी बॅगेच्या तळाशी कोंबल्या, वर टॉवेल पसरला, आणि मोज्याच्या सुया मुद्दाम दिसतील अशा ठेवल्या.

त्यांचे यजमान बाहेर पेपर वाचत बसले होते. बसडेपोच्या पार्सल खिडकीवर जन्म गेल्यामुळे गल्लीत त्यांना पार्सलकाका म्हणत. पार्सल काट्यावर ठेवण्याआधीच ते नुसतं हातात घेऊन वजन सांगायचे आणि पन्नास ग्रॅमच्या वर चुकायचे नाहीत, याचा त्यांना अजून तोरा होता. ते आत आले, बॅग दाराशी नेऊन ठेवावी म्हणून त्यांनी उचलली, आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"यात काय भरलंयस?"

"काय म्हणजे? कपडे. थोडी लोकर."

"थोडी? कपडे वजा केले तरी सव्वा किलो लोकर आहे ही."

"तिकडे चांगली मिळत नाही."

"अगं, चार दिवसांना मोजे, हे तूच जगाला शिकवत फिरतेस." काकांनी बॅग खाली ठेवली. "किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी?"

"सांगितलं ना, चार."

काका पलंगाच्या कडेला बसले. मावशींनी एक सुई उचलली, खाली ठेवली, टॉवेलची घडी मोडून पुन्हा तशीच घातली.

"दोन महिने," त्या म्हणाल्या. "आणि मनाची तयारी ठेवायला सांगितलंय."

"मी काय लहान मूल आहे?" काकांचा आवाज चढला. "शेजाऱ्याला मी शुक्रवारपर्यंतच झाडांना पाणी घालायला सांगून बसलोय! माझं आजारपण, आणि ते मलाच ठाऊक नाही?"

"मला सांगता येईना!" मावशीही ओरडल्या. "मला भीती वाटते. बोलून दाखवलं की ते खरं होईल असं वाटत होतं. काय करू मग?" आणि आठ दिवस दाबून धरलेलं रडू एकदाचं बाहेर पडलं.

समजूत घालणं काकांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी बॅगेतून लोकरीची एक लडी काढली आणि उगाच अंगठ्याने चाचपत राहिले.

"कुणासाठी करणार आहेस?"

"ठरत नाहीये."

"मला कर. स्वेटर."

मावशींनी पदराने नाक पुसलं. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यांनी नवऱ्यासाठी स्वेटर विणला होता आणि दोन दिवसांत तो बोचतो म्हणून परत आला होता. त्यानंतर त्यांनी गावभर विणलं, नवऱ्यासाठी एक टाका घातला नव्हता.

"तुम्हाला बोचते ना लोकर?"

"बोचू दे."

मग त्यांनी टेप आणली. काका हात वर करून उभे राहिले. छातीवरून टेप फिरवताना मावशींचा हात थांबला. आठच महिन्यांपूर्वी शिंप्याने शर्टासाठी बेचाळीस लिहून घेतलं होतं. आता टेपचं टोक कितीतरी आधीच जुळलं. पस्तीस.

"बेचाळीस," त्या म्हणाल्या.

"टेप बघू."

"अहो, अंगावर पुन्हा मांस चढेल, मग घट्ट होईल. मोठाच विणते."

"अंग भरलं की दुसरा कर. हा मला तिकडे घालायचाय." काकांनी त्यांच्या अंगठ्याखालचा आकडा वाचला आणि हात खाली घेतले. "पस्तीस लिही."

मावशींनी रिपोर्टच्या पाकिटाच्या पाठीवर पस्तीस लिहिलं. जाड सुया काढल्या, लडीचा गोळा करून घेतला. पस्तीसच्या मापाला पाठीच्या भागाला नव्वद टाके लागतील, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि घालायला बसल्या. मोजताना ओठ हलत होते. काका शेजारी बसून, पार्सलं मोजायचे तसं, बोटाने त्यांच्याबरोबर मोजत होते.

"नव्वद म्हणालीस ना?" शेवटी ते म्हणाले. "हे शहाण्णव झालेत."

"असू देत," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिली ओळ विणायला घेतली.