हत्ती सुटीवर असताना

हे सांगायचं मी पस्तीस वर्षं टाळलं. कोणी विचारलंच तर म्हणायचो, जुनं झालं, आठवत नाही. म्हाताऱ्याला ही सबब शोभते.

ऐंशीच्या दशकात मी आलापल्लीकडच्या एका सागवान डेपोत कारकून होतो. बाहेरून बी.ए. करत होतो, विषय मानसशास्त्र. स्मृती, निर्णय आणि व्यक्तिमत्त्व विकास ही तीन प्रकरणं पाठ केली आणि मला माणसं कळायला लागली. गाढवाला चष्मा लावला तर त्यालाही तसंच वाटेल.

एका जानेवारीत चोरीच्या ओंडक्यांवर सरकारी हातोड्याचा, माल कायदेशीर असल्याचा शिक्का सापडला. हातोडा ज्याच्या ताब्यात असायचा तो गार्ड साहेबांपुढेही खो-खो हसायचा. इतका मोकळा माणूस आतून लबाडच असणार, हा निकाल मी कधीच देऊन ठेवला होता.

साहेबांनी विचारलं, "चोरी झाली त्या आठवड्यात रीतसर शिक्के बंद होते. तेव्हा त्याला शिक्के मारताना पाहिलं?"

आधी म्हणालो, "बहुतेक." तिसऱ्यांदा विचारलं तोवर त्याचा पिवळा दुपट्टा, उगारलेला हातोडा, मागे ओंडका ओढणारा हत्ती, सगळं मला लख्ख दिसत होतं. तसंच लिहून सही केली.

"शिकलेल्या माणसाची नजरच वेगळी," साहेब म्हणाले. मी फुगलो. गार्डची नोकरी गेली.

महिन्याभराने माहूत सहज बोलला, "त्या आठवड्यात हत्ती कुठी होते जी इथी? सुटीवर होते." दर हिवाळ्यात हत्तींना कामावरून सोडून जडीबुटीच्या गरम लेपाने त्यांचे पाय शेकतात. म्हणजे मी पाहिलं ते आधीच्या आठवड्यातलं, रीतसर शिक्के मारतानाचं. मला तिथेच कळलं. तरी गप्प बसलो. व्यक्तिमत्त्व बालपणीच घडतं, असं पेपरात ठोकून पहिला वर्गही मिळवला.

चार वर्षांनी गोंडपिपरीजवळ त्याच्या गावी गेलो. घर दाखवणारा म्हणाला, "तो पयलेपासूनच घुम्मा हाये." पहिल्यापासून!

तो ओसरीवर बसला होता. हसला नाही. बायकोने चहा आणला.

"भाऊ, ते हत्ती..." मी सुरुवात केली.

"सुटीवर होते ना जी," तो म्हणाला. "मी तवाच सांगतलं सायबाले. ते म्हणे, बाबू शिकलेला हाये. तुमाले कवा आठवते, तेच पाहून राह्यलो होतो. मंग, आठवलं का?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. आता एकच वाक्य बोलायचं होतं. त्यासाठीच तर मी इतक्या लांब आलो होतो.

मी कप खाली ठेवला आणि त्याच्या बायकोला म्हणालो, "चहा चांगला झाला, बाई."