वहिनीचा हात आणि शेठचा जुना प्रोसेसर

मानकोलीच्या ज्या गोदामात मी कॉम्प्युटरचं काम बघतो, तिथेच माझी वहिनी परत आलेल्या मालाच्या टेबलावर असते. खोक्यावर स्कॅनर धरायचा आणि माल कुठल्या लॉटचा ते पडद्यावर उमटेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच वाढत चाललं होतं. सुपरवायझर मात्र म्हणायचा, बाई ढिली आहे. हात सुधारला नाही तर झाडूवर टाकीन, असं त्याने तिला सगळ्यांदेखत सुनावलं. त्या रात्री वहिनी जेवली नाही. माझं डोकंच फिरलं.

दोष होता डेटाबेसचा. लॉट शोधताना त्याचं साठवणीचं इंजिन जुन्या नोंदी एकेक करून ताडत बसायचं. तांदूळ निवडताना एकेक दाणा डोळ्यांपुढे धरला तर भात शिजायचा कधी? आजकालच्या प्रोसेसरला व्हेक्टर सूचना कळतात. एकाच सूचनेत आठ आकडे एकदम ताडता येतात. तेवढा भाग मी नव्याने लिहिला. लॅपटॉपवर उत्तर झटक्यात आलं. मग छाती फुगवून तो गोदामातल्या सर्व्हरवर चढवला.

प्रोग्रॅम सुरू होताच मेला. सगळी टेबलं बंद पडली, खोकी साचत गेली. हिच्याच दिराचे प्रताप, असं सुपरवायझर वहिनीला ऐकू जाईल असं बोलला.

मी सर्व्हर उघडला. आमच्या शेठचे आधी कापड विणायचे लूम होते. भिवंडीत कोरा लूम घेणाऱ्याला लोक खुळा म्हणतात; बंद पडलेल्या कारखान्यातला जुना आणायचा, तेलपाणी करायचं, चालवायचा. सर्व्हरही त्याने तसाच आणलेला, वरून नवा डबा चढवून. आतला प्रोसेसर इतका जुना की आठांची सूचना त्याला ठाऊकच नाही, त्याची धाव चारांपर्यंत. शेठला सांगितलं तर म्हणतो, चल रहा था ना! कपाळ माझं.

शेवटी प्रोग्रॅमलाच शिकवलं, आधी प्रोसेसरला विचार, बाबा तुला किती झेपतं? आठ झेपले तर आठ, नाहीतर चार. चारांनीही काम भागलं. वहिनीने स्कॅनर धरला आणि लॉट लगेच उमटला. मला हुश्श झालं.

काही दिवसांनी सुपरवायझर टेबलाशी येऊन म्हणाला, "देखा? डांटा तो हाथ चल पड़ा."

घरी जाताना रिक्षात वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हात माझा पयल्यापासून असाच हाय. त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला सांगितलं की मशीन ढिलं होतं, बाई नव्हे. तो मान डोलवत म्हणाला, हां हां, मशीन भी सुधरा, बाई भी सुधरी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीने स्कॅनर खाली ठेवला.

"मैं नहीं सुधरी," ती म्हणाली. "मेरा हाथ पहले से ऐसाच है."

मग तिने पुढचं खोकं ओढलं.