हेन्री हीटर पेटवत नाही

२२ एप्रिल २००६ रोजी गुणवंतशेठच्या उत्तनजवळच्या पाली गावातल्या बंगल्यावर गॅसवर चालणारा हीटर बसला. बिल झालं एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस रुपये. बंगल्यामागे पोहण्याचा लहानसा तलाव होता आणि त्याला लागून चार माणसं बसतील एवढा हौद. शेठच्या आई चंपाबेन यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं, म्हणून हा खर्च.

मी शेठच्या भाईंदरच्या ऑफिसात हिशेब पाहतो. हीटरबरोबर इंग्रजी पुस्तक आलं, तेव्हा शेठ मला म्हणाले, "पाटणकरभाई, एक पाने पे मराठी में लिख दो. हेन्री के लिए."

हेन्री पालीचाच. मासेमारीच्या बोटीवर वीस वर्षं इंजिन सांभाळलेला. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि समुद्रावर जाणं सुटलं. बंगल्यावर झाडांना पाणी घालायचा, तलावातला पाला काढायचा. आता त्यात हीटरची भर पडली. मी पुस्तकातले बारा नियम निवडून सुवाच्य अक्षरात एका पानावर बसवले. आधी पंप, मग गॅस. हौदाचं पाणी अडतीस अंशांच्या वर नेऊ नये. हीटर बंद केल्यावर पंप पाच मिनिटं चालू ठेवावा. पेटला नाही तर पाच मिनिटं थांबून मगच पुन्हा पेटवावा. ॲसिडचा कॅन जवळ ठेवू नये. असं सगळं. पानाला प्लास्टिक लावून मी ते शेडमध्ये टांगून आलो.

त्या दिवशी हेन्रीची पद्धत पहिल्यांदा पाहिली. पंप सुरू करून तो चक्क जमिनीवर पालथा पडला आणि हीटरच्या पायाशी नाक नेऊन फरशी हुंगू लागला.

"हे काय हेन्री?"

"गॅस खाली बसतो सायब. बोटीवरच्या शेगडीचा लीक झाला का तळाला जाऊन बसतो. उभ्या मानसाला वास येत न्हाय, आन् काडी लावली का गेला."

पहिल्या खेपेला हीटर पेटला नाही. हेन्रीने बटण बंद केलं, हात जोडले आणि पुटपुटायला लागला. मला वाटलं, देवाला साकडं घालतोय.

"पाच मिनिटं थांबायचं लिवलंय ना तुमी? घड्याळ न्हाय माझ्याकडं. मरियाबायची प्रार्थना, दहा नमो मरिया म्हनतो."

मला राहवेना. मी घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद भरली.

"पन्नास सेकंद कमी पडतात," मी म्हणालो.

"मग वर दोन घालतो. मरियाबाय काय नको म्हनायची न्हाय."

त्यानंतर दीड महिना चंपाबेन रोज हौदात बसल्या. गुडघे हलके वाटतात म्हणाल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र शेठने मला केबिनमध्ये बोलावलं.

"चार दिन से हेन्री हीटर चालू नहीं करता. मशीन बिगडा क्या पूछा तो बोलता है नहीं. फिर क्यों नहीं करता, तो बोलता है, न्हाय करनार. बा के घुटने फिर से अकड़ गये. आप जाके देखो. नहीं माना तो सोमवार से दूसरा आदमी रखो."

आज्ञा मोडणारा माणूस हा नव्हे. त्यामुळे शनिवारी दुपारी मी उत्तनची बस पकडली, ती चौकशीपेक्षा कुतूहलापोटीच.

पालीच्या गल्लीत मोटारसायकलींना वाट देत चालत गेलो. मासेमारी बंद झाली होती. किनाऱ्यावर ओढलेल्या बोटी पावसाळ्यासाठी निळ्या ताडपत्रीत करकचून बांधल्या होत्या, वाऱ्याला शिरायलाही फट नव्हती. हेन्रीची बायको व्हेरोनिका दारातच भेटली.

"सायब, तुमीच इचारा त्याला. मला बोलत न्हाय. हा खांदा घेऊन दुसरं कोन काम देल त्याला?"

हेन्री बंगल्यावर होता. मला पाहून त्याने खुर्ची पुसली. मी म्हणालो, "सोमवारपर्यंतची मुदत आहे. काय झालंय?"

"काय न्हाय."

"मग पेटवा."

"न्हाय."

मी शेडमध्ये गेलो. पत्र्याचं छप्पर, तीन बाजू मोकळ्या, चौथ्या बाजूला कपडे बदलायच्या खोलीचा दरवाजा आणि त्याच्या वरची जाळी. हीटरच्या वरच्या जाळीवर काजळी धरली होती. एप्रिलमध्ये ती नव्हती. खांबांवर दोरीचे वळ होते. आणि कोपऱ्यात गुंडाळलेली निळी ताडपत्री.

तसल्या ताडपत्रीत बांधलेल्या वीसेक बोटी येतानाच पाहिल्या होत्या. मी कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं. "ही तिन्ही बाजूंनी बांधली होती?"

हेन्री खाली बसला.

"पाऊस आत शिरंल म्हनून. एवढं महाग मशीन. बोट बांधतो तशी बांधली, चांगली घट्ट. दुसऱ्या दिवशी ज्योत निळीची पिवळी झाली. मला वाटलं, गॅस खराब आलाय. तीन दिवस चालवलं. म्हातारी पान्यातून निघून त्या खोलीत बसायची, आन् डोकं गरगरतं म्हनायची. माझं पन दुखायचं. तिसऱ्या दिवशी कळलं, धूर जायला वाटच न्हाय, तो खोलीच्या जाळीतून तिच्याकडं जातोय. ताडपत्री काढली. पन आतली काजळी तशीच हाय, ती मेकॅनिकशिवाय निघत न्हाय. मेकॅनिक बोलवायचा तर शेठ इचारनार, का?"

"सांगायचं होतं."

"काय सांगू? तुमच्या आयला मी मारत होतो?"

 यातलं काही लिहिलं होतं का, म्हणून मी टांगलेलं प्लास्टिकचं पान वाचायला घेतलं. बारा नियम. मग बंगल्याच्या कपाटातलं इंग्रजी पुस्तक काढून आणलं. हीटरभोवतीची हवा कधीही कोंडू नये, आवरण घालू नये, कोंडलेला वायू वास न येता माणूस मारतो, असा नियम तिथे ठळक अक्षरात होता. तेरावा. पान भरलं म्हणून मी तो सोडला होता.

हेन्रीला तो वाचून दाखवला. त्याने विचारलं, "मग यात का न्हाय?"

"जागा उरली नव्हती."

त्याने पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "अक्षर बारीक काढायचं ना सायब."

संध्याकाळी शेठ आणि चंपाबेन गाडीतून उतरले. मी काही म्हणायच्या आत हेन्रीनेच सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, मान खाली घालून. मग तेराव्या नियमाचं मी सांगितलं. शेठचा चेहरा लाल झाला.

"तीन दिन! और चार दिन मुंह बंद! मेरी बा को कुछ हो जाता तो?"

हेन्री म्हणाला, "होता था शेठ. इसके लिए बंद किया."

"सोमवार से मत आना."

चंपाबेन पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या. मुलाला म्हणाल्या, "बैठ. मैं रोज बोलती थी चक्कर आता है. तूने क्या किया? एसिडिटी की गोली दी. डॉक्टर ने क्या बोला? उमर हो गई. इसने बटन बंद किया. नया आदमी आयेगा, वो मेरे चक्कर पे बटन बंद करेगा?"

शेठ आत गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन मला म्हणाले, "मेकॅनिक को फोन करो."

मेकॅनिक मंगळवारी आला. त्याने आतली काजळी खरवडली, ज्योत निळी करून दाखवली आणि साडेसहाशे रुपये मागितले. बिल शेठकडे जाऊ न देता हेन्रीने ते स्वतःच्या खिशातून दिले. मी अर्धे माझे म्हणालो. तो नको म्हणाला, मी ऐकलं नाही.

नवं पान मी बारीक अक्षरात लिहिलं. तेरावा नियम सर्वांत वर घेतला. चंपाबेन पुन्हा रोज हौदात बसू लागल्या आणि हेन्री पुन्हा पालथा पडून फरशी हुंगू लागला.

त्या मंगळवारी माझ्या पाकिटात तीनशेच रुपये निघाले. पंचवीस रुपये मी हेन्रीला अजून देणे लागतो.