जमलं म्हणून हात वर

चाकणच्या कंपनीची बस पकडायला आम्ही चिंचवडच्या स्टॉपवर उभे असायचो. त्यात पन्नाशीला टेकलेली एक बाई होती. नाव मी कधी विचारलं नाही. दर रविवारी ती लहान मुलींच्या वर्गात बॅले शिकायची आणि रोज सकाळी स्टॉपवर, सेफ्टी शूज घालूनच, सराव करायची. टाचा जुळवून चवडे बाहेर, हात पोटासमोर गोल, जणू कवेत घागर, ही पहिली पोझिशन. पाचव्या पोझिशनला मात्र एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला भिडवून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. तिथं ती दरवेळी डगमगून खांब धरायची. खांबाशिवाय जमलं, तरच बॅलेच्या मॅडम तिला पुढच्या वर्गात घेणार होत्या.

"मावशी, हँडब्रेक ओढा!" कुणीतरी ओरडायचं. मीही हसायचो.

एकदा ती मला म्हणाली, "भाऊ, कंपनीत मशीनच्या लाइनवर आमी हात वर करतो तो काही बिघडलं की. एकदा तरी जमलं म्हणून वर करायचाय."

परवा तिनं खांब सोडला. पाय भिडले, दोन्ही हात वर गेले आणि ती हललीच नाही. समोरून जाणारी भलत्याच कंपनीची बस करकचून थांबली.

"ओ मावशी, चढताय ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"न्हाई भावा," हात तसेच ठेवून ती म्हणाली, "जमलंय!"

आज कबूल करतो, स्वतःच्या मुलीच्या नाचाला मी शिफ्टचं निमित्त काढून कधी गेलो नव्हतो. परवा मात्र पहिली टाळी मी वाजवली, आणि ड्रायव्हरनं हॉर्न.