साफ केलेला गाल

आमच्या भावोजींनी तीस वर्षं लोकांचे पासपोर्ट फोटो काढले, पण त्यातला एकतरी चेहरा नीट बघितला असेल तर शपथ. हे मी रागाने बोलतेय आणि बोलणारच. गिऱ्हाईक बसलं की हनुवटी वर, डोळे उघडे, खटक, आणि मग कॉम्प्युटरवर साफसफाई. डाग, पुरळ, सुरकुत्या, सगळं सफाचट. हात इतका बसलेला की समोर कोण आहे याचा त्यांना पत्ताही नसायचा. लग्नाच्या वाढदिवसाला ताईचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, एक फोटो ठरलेला. तोही साफ करूनच.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांना रीतसर फोटोग्राफी शिकायची हुक्की आली. आम्ही पोट धरून हसलो. शिकवणारी बाई त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने सांगितलं, महिनाभर रोज एकाच माणसाचा फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, आणि नंतर काहीही पुसू नका. एवढा वेळ निमूट बसणारं माणूस घरात एकच होतं, ताई.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ताईच्या गालावर, कानाजवळ एक तीळ आहे, अर्धा काळा, अर्धा निळसर, कडा वेड्यावाकड्या. मला माहीत होता का, असं विचारत होते. मला नव्हता. ताई म्हणाली, आहे आपला कधीचा, त्यात काय एवढं.

डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. तीळ वाढायला कधी लागला, जुने फोटो आहेत का, असं त्यांनी विचारलं. भावोजी धावत घरी गेले आणि मागच्या चौदा वर्षांचे चौदा फोटो आणून टेबलावर मांडले. चौदाही गाल स्वच्छ. मूळ फोटो ते ठेवायचेच नाहीत. जागा खातात म्हणून उडवून टाकायचे.

"म्हणजे यंदाच आला का हा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले. "मीच दरवर्षी पुसत होतो."

ताईने कसेबसे सात महिने काढले. त्या सात महिन्यांत मी भावोजींशी धड बोलले नाही. ती मात्र रोज सकाळी खिडकीपाशी जाऊन बसायची, आणि ते फोटो काढायचे.

परवा मला पासपोर्टसाठी फोटो हवा होता. दुसरीकडे जाणार होते, पाय त्यांच्याच स्टुडिओकडे वळले. त्यांनी कॅमेरा उचललाच नाही. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि गाल, कानामागे, मान, सगळं चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. एरवी मी त्यांचा हात झटकला असता. मी मान वळवून बसून राहिले.